पन्नास हजारांच्या कागदावर सही करण्याआधी

वाचकाचं पत्र (थोडक्यात):
मी 38 वर्षांची, फलटण तालुक्यात राहते. घरी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, फॉल-पिको करते. खर्च जाता महिन्याला पंधरा हजारांच्या आसपास सुटतात. अडीच महिन्यांपूर्वी मिस्टरांच्या स्कूटरवर मागे बसून लग्नाला चालले होते. बारामती तालुक्यात पुढच्या कारने इंडिकेटर न देता उजवीकडे वळण घेतलं आणि आम्ही आदळलो. माझ्या उजव्या कोपराचं मागचं हाड तुटलं, ऑपरेशन करून तारा घातल्या. बिल 1 लाख 40 हजार झालं, त्यातले 90 हजार मेडिक्लेममधून मिळाले. हात अजून पूर्ण सरळ होत नाही आणि घासही तोंडापर्यंत जात नाही. कारवाले लांबच्या ओळखीतले निघाले. ‘आमची काही तक्रार नाही’ असं पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून दिलं तर 50 हजार देतो म्हणतात. मिटतंय म्हणून आम्ही पोलिसांत गेलोच नाही. मिस्टरांचं लायसन्स अपघाताच्या महिनाभर आधी संपलं होतं. एक वकील मिळालेल्या रकमेच्या 25 टक्के मागतात. सासूबाई म्हणतात हाडवैद्याकडे मालिश करून घे. काय करू?

ताई,

त्या स्टॅम्पवर सही करू नका. रक्कम कमी आहे हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण असं की तुमच्या कोपराचं नुकसान किती, हे आज कोणीच सांगू शकत नाही, ऑपरेशन करणारे डॉक्टरसुद्धा नाहीत. कोपराच्या मागच्या टोकाचं, म्हणजे ओलेक्रेनॉनचं फ्रॅक्चर तारेने बांधल्यावर हाड साधारण दोन-तीन महिन्यांत जुळतं. सांध्याची हालचाल मात्र सहा महिने ते वर्षभर हळूहळू बदलत राहते. आज ‘तक्रार नाही’ लिहून दिलंत आणि वर्षाने हात तिथेच अडकलेला राहिला, तर कारच्या विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तोच कागद पुढे करेल. कारवाल्यांना आत्ता मदत म्हणून काही द्यायचं असेल तर जरूर घ्या. पावतीवर एवढंच लिहा: ‘उपचारासाठी मदत, दाव्याच्या हक्काला बाधा न येता.’ ती रक्कम पुढे भरपाईतून वजा होऊ शकते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

अडचण अशी की कोपराला वर्ष लागतं आणि कायदा सहा महिनेच देतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) प्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये, निव्वळ मुदत उलटली म्हणून अर्ज फेटाळू नयेत असा आदेश दिला, पण तो अंतरिम आहे. त्याच्या भरवशावर थांबू नका. तुमचे अडीच महिने गेलेत, साडेतीन उरलेत. अर्ज आत्ता करायचा, अपंगत्वाचा पुरावा नंतर द्यायचा. अर्जात ‘उपचार चालू आहेत, अपंगत्वाचा दाखला नंतर दाखल करू’ असं लिहिता येतं आणि मागितलेली रक्कम पुढे दुरुस्तही करता येते. मागितल्यापेक्षा जास्त रक्कम न्याय्य वाटली तर न्यायाधिकरण तीही देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ‘नागप्पा’ प्रकरणात 2002 पासून ठरलेलं आहे. लवकर अर्ज करण्याचा आणखी एक फायदा म्हणजे व्याज साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून धरतात.

त्याआधी पोलीस. अपघात बारामती तालुक्यात झाला, तेव्हा ज्या ठाण्याच्या हद्दीत झाला तिथे लेखी फिर्याद द्या. हाड मोडणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम 116. गुन्हा कलम 281 आणि 125(ब) खाली नोंदवला जातो. उशीर झालाय, पण तेवढ्याने दावा पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘रवी विरुद्ध बद्रीनारायण’ या 2011 च्या निकालात सांगितलंय की जखमी माणूस आधी दवाखान्यात जाणार हे उघड आहे, उशिराचं कारण पटण्याजोगं असलं की पुरे. तुमचं कारण सरळ आहे: ऑपरेशन, हात बांधलेला आणि समोरच्यांशी मिटवण्याचं बोलणं चालू. तेच जसंच्या तसं फिर्यादीत लिहा. ‘तब्येत बरी नव्हती’ असलं मोघम कारण नको. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नोंद घेतली नाही तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.

फिर्याद द्यायच्या आधी एक काम आजच करा. दवाखान्याचं केसपेपरचं पहिलं पान आणि डिस्चार्ज कार्ड काढा आणि अपघात कसा झाला, हे त्यात काय लिहिलंय ते वाचा. कोपराच्या दाव्यांत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. घाईत कोणी नातेवाईक ‘गाडीवरून पडली’ एवढंच सांगतो, किंवा पोलिसांचं लचांड नको म्हणून ‘घरात पाय घसरला’ असं लिहून घेतलं जातं. कोपराचं हाड बाथरूममध्ये घसरूनही असंच तुटतं, त्यामुळे एक्स-रे बघून कारण कळत नाही. त्या एका ओळीवर कंपनी ‘आमच्या गाडीचा संबंधच नाही’ म्हणते. मेडिक्लेमच्या फॉर्ममध्ये काय कारण दिलंय तेही पाहा. दोन्हीकडे रस्ते अपघात लिहिलेला असेल तर उत्तम. नसेल तर खाडाखोड करायची नाही. भरतीच्या वेळी तुमच्या सोबत कोण होतं, माहिती कोणी दिली, दवाखान्याने पोलिसांना एमएलसी, म्हणजे अपघाताच्या जखमीची लेखी सूचना, पाठवली का, हे दवाखान्याकडून लेखी मागा. दाखल करणाऱ्या माणसाची साक्ष पुढे लागेल.

कारच्या नंबरवरून एम-परिवहन अ‍ॅपवर विमा कंपनीचं नाव आणि मुदत दिसते. अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, तेवढं पाहा. बंद असेल तर पैसे मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतील आणि मग सगळं गणितच बदलतं. गुन्हा नोंदला की पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. कलम 166(4) प्रमाणे तो अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. तरीही त्याची वाट बघत बसू नका, स्वतःचा अर्ज वेगळा टाका. अर्ज बारामतीकडेच करावा असं नाही. तुम्ही राहता त्या भागाच्या, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या न्यायाधिकरणातही चालतो. फिजिओथेरपी आणि घर सांभाळून तारखांना पुणे जिल्ह्यात हेलपाटे कशाला? अर्जासोबत एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, एमएलसी किंवा जखमेचा दाखला, कारचं आरसी, विमा, चालकाचं लायसन्स आणि तुमचं आधार आणि वयाच्या पुराव्यासाठी शाळेचा दाखला लागेल.

मिस्टरांच्या लायसन्सची काळजी तुम्ही जितकी करताय तितकी ती मोठी नाही. तुम्ही मागे बसला होतात. दोन गाड्यांच्या धडकेत मागे बसलेल्याचा स्वतःचा दोष काही नसतो. दोन्ही चालकांची थोडीथोडी चूक निघाली तरी तुम्ही पूर्ण रक्कम कारकडून मागू शकता. ‘खेन्येई’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये हे स्पष्ट केलंय. वाटणी करायची असेल तर ती त्या दोघांच्या विमा कंपन्यांनी आपसात करावी. हेल्मेटचा मुद्दा काढला तर त्याचा कोपराशी संबंध नाही, एवढं उत्तर पुरे. स्कूटरच्या विम्यावर मात्र फार विसंबू नका. पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर मागे बसणारा माणूस सहसा त्यात येत नाही.

आता हात.

मालिश नको. सासूबाई मायेनं सांगताहेत, पण मोडलेल्या कोपरावर जोराने चोळणं आणि हिसके देऊन सरळ करणं यातून स्नायूतच नवं हाड धरू शकतं. कोपर हा त्यासाठी बदनाम सांधा आहे. एकदा ते हाड धरलं की आधी जेवढा वाकत होता तेवढाही हात वाकत नाही. कंपनीला आयतं कोलीत मिळतं ते वेगळंच: ‘आखडलेपणा अपघाताचा नाही, हाडवैद्याचा आहे.’ फिजिओथेरपिस्टकडे रोज जाणं जमत नसेल तर आठवड्याला एकदा जाऊन घरी करायचे व्यायाम लिहून घ्या. कोपर स्वतःच्या ताकदीने वाकवायचं, सरळ करायचं, तळवा वर-खाली फिरवायचा. दुसऱ्याने धरून दाबायचं नाही.

प्रत्येक भेटीत फिजिओला गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावून अंश लिहायला सांगा, तारीख आणि सही-शिक्क्यासह. निरोगी कोपर साधारण 0 ते 140 अंश वाकतं. रोजच्या कामाला 30 ते 130 एवढी हालचाल पुरते, असं हाडांचे डॉक्टर मानतात. घास तोंडाला नेणं, केस विंचरणं, ब्लाउजचा मागचा हूक लावणं ही कामं या पट्ट्याच्या वरच्या टोकाला लागतात. टेबलावर लांब कापड पसरून कात्री चालवायला हात सरळ व्हावा लागतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा हात दोन्ही टोकांना अडतोय. ‘हालचाल कमी आहे’ असं लिहिलेल्या दहा कागदांपेक्षा ‘उजवं कोपर 40 ते 100’ लिहिलेला एक कागद न्यायाधिकरणात जास्त कामाला येतो. तळवा फिरवण्याचे अंशही लिहून घ्या. सुई ओवणं, काज करणं, बॉबिन बसवणं याला तळवा फिरणं लागतं आणि अहवालांत नेमकं तेच राहून जातं. करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबलेली असू शकते. तिची तपासणी ईएमजी-एनसीव्हीने होते आणि रिपोर्टही मिळतो.

तारांचंही एक आहे. या ऑपरेशनमध्ये दोन सरळ तारा हाडात आणि एक तार आठच्या आकड्यासारखी बांधलेली असते. कोपराच्या टोकावर मांस नसतं, त्यामुळे तारांची टोकं कातडीखाली टोचतात आणि पुढे अनेकांना त्या काढाव्या लागतात. म्हणजे दुसरं ऑपरेशन. डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या: तारा काढाव्या लागतील का, कधी, अंदाजे किती रुपये. हे नसलं तर ‘पुढचा वैद्यकीय खर्च’ या सदरात काहीच मिळत नाही.

अपंगत्वाचा दाखला आत्ता मागू नका. आता गेलात तर ‘तात्पुरतं’ लिहून परत पाठवतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे घाईत कमी टक्के लिहून मिळतील. उपचार संपून सुधारणा थांबली की जा. सरकारी रुग्णालयाच्या मंडळाचा दाखला घ्या आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांचा वेगळा अहवाल घ्या. दोन्हींत ‘उजव्या हाताने काम करणारी’ आणि ‘व्यवसाय शिवणकाम’ हे शब्द यायला हवेत. नंतर डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं, कारण नुसता दाखला फाइलला लावला आणि उलटतपासणीला कोणी आलंच नाही तर त्याचं वजन फार कमी होतं. डॉक्टरांच्या तारखा मिळवणं हे या दाव्यातलं सगळ्यात चिकाटीचं काम आहे, वकिलाला आधीच विचारून ठेवा.

टक्केवारीबद्दल गैरसमज फार आहेत. दाखल्यावर ‘उजवा हात 25 टक्के’ असेल तर ते हाताचे टक्के झाले, सगळ्या शरीराचे नव्हेत आणि कमाईचे तर नव्हेतच. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजय कुमार’ या 2010 च्या निकालात न्यायाधिकरणांना हेच बजावलं: या अपंगत्वामुळे या माणसाची, याच धंद्यात, कमाईची ताकद किती घटली ते पाहा. तेच कोपर शाळेतल्या शिक्षकाचं असेल तर कमाईत फारसा फरक पडणार नाही. शिंपीण, गवंडी, स्वयंपाकी यांचा मामला निराळा. म्हणून तुमच्या दाव्याचा खरा कणा शिलाईचा पुरावा आहे.

गणित दाखवतो. महिना 15,000 म्हणजे वर्षाला 1,80,000. स्वतःचा धंदा आणि वय 40 च्या आत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या ‘प्रणय सेठी’ निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 2,52,000. वय 36 ते 40 साठी ‘सरला वर्मा’ निकालातला गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा, 15. कमाईची ताकद 10 टक्के घटली असं धरलं तर 2,52,000 चे 10 टक्के गुणिले 15, म्हणजे 3,78,000. 20 टक्के धरलं तर 7,56,000. जखमीच्या दाव्यात स्वतःच्या खर्चाची वजावट करत नाहीत, ती मृत्यूच्या दाव्यात होते. यावर दवाखान्याचा खर्च, पाच महिने मशीन बंद राहिलं तर 75,000, दवाखान्याच्या फेऱ्या, घरकामाला ठेवलेल्या बाईचा पगार, पुढचं ऑपरेशन आणि वेदना व गैरसोयीचे वेगळे. आता तुम्हीच 50 हजार त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

हे सगळं त्या पंधरा हजारांवर उभं आहे आणि आयकर विवरण तुमच्याकडे बहुधा नसेल. मापांची वही आणि ऑर्डरची डायरी जपा, त्यात खाडाखोड करू नका. फोनपे-जीपेवर गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमांचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढा. अस्तर, दोरे, हुकांच्या पावत्या आणि मशीनचं बिल शोधा. दोन-तीन नेहमीच्या गिऱ्हाइकांची साक्ष चालते. सणाच्या आणि लग्नसराईच्या ज्या ऑर्डरी परत कराव्या लागल्या त्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज ठेवा. अपघातानंतर मागच्या वर्षांची विवरणपत्रं भरून जास्त उत्पन्न दाखवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तारीख बघूनच त्यावर संशय घेतला जातो. काहीच पुरावा नसला तर न्यायाधिकरण कुशल कामगाराच्या किमान वेतनासारखा अंदाज धरतं. घरकामाची किंमतही धरली जाते, तीही मागा.

मेडिक्लेमचे 90 हजार वजा होतील का? नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये निर्णय दिलाय की मेडिक्लेम हा तुमच्या हप्त्यांचा मोबदला आहे, तो अपघात भरपाईतून कापता येत नाही. म्हणजे पूर्ण 1 लाख 40 हजार मागा. अडचण एवढीच की मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील. त्यांच्याकडून शिक्क्याच्या प्रती आणि सेटलमेंटचं पत्र मागवा, दवाखान्याकडून दुसरी प्रत घ्या. औषध दुकानाच्या कच्च्या चिठ्ठ्या चालत नाहीत, बिल नंबर आणि तुमचं नाव असलेलीच बिलं लावा.

मध्ये कारच्या विमा कंपनीचा माणूस ‘मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली अडीच लाख लगेच’ असं घेऊन येऊ शकतो. हा पर्याय खरा आहे. गंभीर दुखापतीला, चूक कोणाची हे सिद्ध न करता, अडीच लाख. पण कलम 149 च्या पद्धतीने ते स्वीकारलेत की 166 चा दावा संपतो. सहा-आठ महिन्यांनी हात जवळपास पूर्ण सुधारला आणि कारची चूक दाखवायला साक्षीदारही नसेल, तर अडीच लाख वाईट नाहीत. हात 40 ते 100 वरच राहिला तर तोट्याचा सौदा आहे. लोकअदालतीचंही तसंच. तिथला तडजोडीचा निवाडा अंतिम असतो, अपील नाही. दाखला हातात आल्यावरच तिथे बसा. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र 90 दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, वादातली रक्कम एक लाखाच्या आत नसेल तर.

25 टक्क्यांचं: निकालाच्या रकमेत वाटा ठरवून फी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. ठरावीक फी लेखी ठरवा, कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही देऊ नका, मूळ कागद स्वतःकडे ठेवून प्रती द्या. आणि ताई, बाईमाणसाला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो. 1987 च्या कायद्यात महिलांना उत्पन्नाची अटच नाही. फलटणच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज मागा.

ओळखीत वितुष्ट येईल ही तुमची भीती ओळींमधून कळते. कारवाल्यांना सांगा की दाव्यात त्यांचं नाव घालावंच लागतं, पण विमा चालू असेल आणि चालकाचं लायसन्स बरोबर असेल तर पैसे कंपनी देते. थर्ड पार्टी हप्त्याचे दर सरकार ठरवतं, तुमच्या दाव्याने त्यांचा तो हप्ता वाढत नाही. त्यांचं पन्नास हजारांचं घाईचं कारण विमा संपलेला असणं हेही असू शकतं. म्हणून त्यांच्याशी बोलायच्या आधी एम-परिवहनवर ती तारीख बघून घ्या.